आंबिलीचा बिंदगा

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, उद्यावर आली, तरी बिंदगा कुणाच्या डोक्यावर द्यायचा हे लक्ष्मणरावांच्या घरात ठरत नव्हतं. दुसऱ्या कुठल्या घरात ही गोष्ट बोलण्यातसुद्धा येत नाही. थोरला मुलगा अंगावर घोंगडी घेतो, डोक्यावर चुंबळ ठेवतो, आंबिलीनं भरलेला मातीचा नवा बिंदगा तोलून धरतो आणि पुढं चालायला लागतो. मागं टोपल्या घेऊन बायका, त्यांच्या मागं पोरं आणि पाहुणे. शेतात कडब्याची खोपटीसारखी कोप उभी असते, तिच्यात पाच पांडव मांडलेले असतात, तिथवर बिंदगा भुईला टेकवायचा नाही. बस, एवढंच काम. पण लक्ष्मणरावांचा थोरला म्हणजे वैजनाथ. दोन येळवशींमागं तो सकाळीच पिऊन आला होता आणि नाल्याच्या धुऱ्यावर, बांधाच्या चिंचोळ्या वाटेवर, सगळ्या शिवारादेखत, बिंदग्यासकट आडवा झाला होता.

त्या वर्षी तूर मर लागून उधळली. तूर काही लक्ष्मणरावांचीच उधळली नव्हती, मुखेड तालुक्यात अर्ध्या लोकांची उधळली होती. पण घरात एकदा खापर फोडायला डोकं सापडलं की शिवारभर हिंडून कोण बघतो? लक्ष्मणरावांनी त्या दिवसापासून थोरल्याच्या पंगतीला बसणं सोडलं. मागच्या येळवशीला बिंदगा धाकट्या सुदर्शननं नेला. वैजनाथ तेव्हा लातूरच्या दवाखान्यात पडलेला होता आणि त्याचे हात इतके थरथरत होते की पाण्याचा गिलास दोन हातांनी धरावा लागायचा.

दवाखान्यातून सुटल्यावर तो सुदर्शनकडंच राहिला. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या आणि रोज सकाळी पार्वतीबाईंचा योगाचा वर्ग. पोळ्याला गावी परत आला तेव्हा उज्वलानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "एक बारी जरी तोंडाला लावली ना, तर मी तनुजाला घेऊन लोह्याला जाईन. माहेरी. पुन्हा बोलवायला येऊ नका कुणी."

आता अंगणात उन्हाला बसून दोघी जावा तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सासूबाई, रुक्मिणबाई, भज्जीसाठी, म्हणजे सणाच्या मिसळभाजीसाठी, हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. भाजीवरची नजर न उचलता त्या म्हणाल्या, "उद्या बिंदगा वैजनाथ घेईल."

लक्ष्मणराव बाजेवर बसून दावं वळत होते. "सुदर्शन घेईल."

"थोरला घरात असताना धाकट्यानं कामून घ्यायचा?"

"थोरल्यानं काय दिवे लावले ते बघितलं न्हाई का तू?"

"सालभर झालं. सालभरात शिवला न्हाई तो."

"शिवला न्हाई हे तुला कुणी सांगितलं? त्यानंच ना?" लक्ष्मणरावांनी दाव्याला पीळ दिला. "सकाळी उठून गोठ्यात डोळे मिटून बसतंय म्हणं. बगळा बी डोळे मिटूनच उभा राहतो पाण्यात. मासा आला की कळतं."

सुदर्शन लातूरहून बायकोसकट आदल्या दिवशीच आला होता. पाटबंधारेच्या ऑफिसात नोकरी, त्यामुळं भांडणातसुद्धा तो आधी खाकरून घ्यायचा. तसा खाकरून म्हणाला, "अण्णा, माझी मान धरली हाय. वजन उचलू नका म्हणलंय डॉक्टरनं."

"कवापासून?" त्याच्या बायकोनं, करिश्मानं, विचारलं. बिचारीला खरंच माहीत नव्हतं. परवाच त्यानं गॅसची टाकी खांद्यावरून दुसऱ्या मजल्यावर चढवली होती. नवऱ्यानं तिच्याकडं असे डोळे केले की ती खाली मान घालून भराभर शेंगा सोलायला लागली. "हाव, हाव! लई दुखते. रोज शेक देऊन राहिले मी."

रुक्मिणबाईंना हसू आलं. दोन मतं आपल्या बाजूनं झाली म्हणून त्यांनी तिसरं मागितलं. "तू सांग गं उज्वला. तुझा नवरा हाय."

उज्वलानं हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "मामाजी म्हणतात तेच बरं. भावजी घेऊ द्या."

"तू बी?" रुक्मिणबाईंचा हात भाजीतच थांबला.

उज्वलानं वर बघितलं नाही. काय सांगणार होती ती? की नवरा पितो का नाही हे तिला आता लोकांपेक्षा जास्त माहीत आहे? गेली कित्येक वर्षं ती त्याचा सदरा धुण्याआधी नाकाला लावून बघत होती. तो दवाखान्यातून आला तरी ही सवय सुटली नव्हती. रोज सदऱ्याला मातीचा, शेणाचा, घामाचा वास यायचा, आणि रोज तिला वाटायचं, आजचा दिवस गेला. पण त्या येळवशीला धुऱ्यावर पडल्यापेक्षा पडल्यानंतरचं तिला जास्त आठवत होतं. लोक हसले. आणि त्या लाजेपायी तो महिनाभर शुद्धीवर आला नाही. उद्या पुन्हा पाय सरकला तर? पिऊन नाही, नुसता दगडावरून सरकला तर? बिंदगा फुटला की माणूसही फुटणार, आणि मग कुठलं लातूर आणि कुठला योगा. तिला त्याची इज्जत नको होती, तिला तो जिवंत पाहिजे होता.

हे सगळं तिला बोलता आलं असतं, पण तेवढ्यात दारात कडब्याची पेंढी खांद्यावर घेतलेला वैजनाथ उभा दिसला. त्यानं सगळं ऐकलं होतं. बायकोचंसुद्धा.

"सुदर्शनच घेऊ द्या," तो म्हणाला. "मी कोप बांधायला चाललो."

आणि गेला.

शेतात पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. माय बोलली ते बरं वाटलं, अण्णांचं बोलणं सवयीचं होतं, पण उज्वला? तिनं तरी? त्यानं रागारागानं मेढी रोवल्या, कडबा असा ओढला की अर्धी पानं झडली. दिवस कलायला लागला तशी ती आली. तलप. तिचा टाइम ठरलेला होता. फाट्यावरच्या दारूच्या टपरीचा लाइट लागायच्या सुमाराला घसा कोरडा पडायचा, हाताची बोटं आपोआप खिशाकडं जायची. आणि आज तिच्या हातात आयतं कारण होतं. एवढं करून घरच्यांचा भरोसा नाही, तर मग कशाला?

वैजनाथ कोपीच्या सावलीला मांडी घालून बसला.

लातूरला पहिल्या दिवशी तो वर्गात असाच चिडून बसला होता. मंगल कार्यालयाचा हॉल, सतरंज्या, आणि समोर शाळेतून रिटायर झालेल्या पार्वतीबाई, पंजाबी ड्रेस घालून. शवासनात तो चक्क घोरला होता आणि सगळा वर्ग हसला होता. दुसऱ्या आठवड्यात त्याच शवासनात त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि कोणी हसलं नाही. "तलपेला हाकलू नका," बाई म्हणायच्या. "हाकलली की ती हट्टाला पेटते. आगंतुक पाहुणी समजा. या म्हणा, बसा म्हणा, पण चहा टाकू नका. आपलं चित्त श्वासावर. चहा येत नाही दिसल्यावर ती किती वेळ बसेल?" त्याला ते आधी खुळचट वाटलं होतं. पण पाहुणी खरंच उठून जायची. कधी लवकर, कधी जीव खाऊन. गोळ्यांनी हात थांबले होते, पण संध्याकाळ कशी काढायची हे त्याला त्या हॉलमध्येच कळलं. गावात आल्यावर तो रोज सकाळ-सांज गोठ्यात बसून भ्रामरी करायचा. तो भुंगा ऐकून आधी बैलही कान टवकारायचा. पोरं दाराआडून 'योगी महाराज की जय' म्हणून पळायची.

आताही तो भुंग्यासारखा घुमायला लागला. डोळे उघडले तर समोर तनुजा उभी. नववीत होती, आजीनं दिलेला पांडवांचा चुना घेऊन आली होती.

"पप्पा, मम्मीचा राग आला?"

"आला."

"मग?"

"मग काय. बसलाय इथंच." त्यानं बाजूची जागा दाखवली. "जाईल."

तनुजा हसली आणि त्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली, "चहा न्हाई मिळणार हं तुम्हाला." मग दोघांनी मिळून पाच दगड धुतले, चुना लावला आणि कोपीत मांडले.

अमावस्येच्या सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्वारीच्या पिठाचे उंडे शिजत होते, भज्जीला फोडणी बसली होती, बाजरीच्या भाकरी थापून करिश्माचे हात दुखायला आले होते. रुक्मिणबाई आंघोळ करून मारुतीच्या देवळात गेल्या. उज्वलानं एक कप चहा घेतला आणि गोठ्याकडं निघाली. रात्रभर तिला झोप नव्हती. काल आपण बोललो ते त्याला लागलं, जाऊन नीट सांगावं, असं तिनं ठरवलं होतं.

गोठ्याच्या दारातच तिचे पाय थांबले.

वैजनाथ घोंगडीवर बसला होता. डोळे मिटलेले, अंग किंचित डुलत होतं. आणि वास येत होता. आंबट, फसफसलेला वास, थेट त्याच्याकडून येणारा. तो वास कशाचा हे बघायला ती पुढं गेलीच नाही. आंबट वास आला की तिचं डोकं पुढचा विचार करतच नसे. इतकी वर्षं विचार करायची गरजच पडली नव्हती.

"पिलात!" ती ओरडली. चहाचा कप हातातून सुटून गव्हाणीत पडला. "काल मी बोलले म्हणून पिलात! आज सणाच्या दिवशी!"

वैजनाथनं डोळे उघडले. गार पाण्यानं आणि चुलीच्या धुरानं ते लाल झाले होते. नेमके आजच.

"मी घेतली न्हाई, उज्वला."

हेच, अगदी हेच वाक्य तो पिऊनसुद्धा म्हणायचा. याच आवाजात.

"मग वास कशाचा?"

"आंबील सांडली अंगावर. मायनं बिंदगा भरायला उठवलं होतं सकाळी."

"आंबील सांडली!" उज्वला हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "कधी फवारणीचं औषध सांडायचं, कधी खोकल्याचं सांडायचं. आज आंबील सांडली. तनुजा! ए तनुजा! कपडे भर तुझे. लोह्याची गाडी हाय साडेआठला."

गलका ऐकून सगळे आले. करिश्मा पिठाच्या हातानं, सुदर्शन अर्धी दाढी करून, लक्ष्मणराव धोतराचा सोगा सावरत. उज्वला रडत सांगत होती आणि सगळे वैजनाथकडं बघत होते. हाताच्या पंजाएवढा तो डाग सदऱ्यावर छातीपाशी दिसत होता.

पहिला वैजनाथ असता तर आतापर्यंत त्यानं बादली लाथाडली असती. आईमाईचा उद्धार केला असता, आणि मग रागाच्या निमित्तानं फाटा गाठला असता. त्याचं मनही आत धावत सुटलं होतं. आता कोणालाच खरं वाटणार नाही. आता पिलं काय अन् न पिलं काय, सारखंच. पाहुणी आज एकटी आली नव्हती, खानदान घेऊन आली होती. त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, श्वास आत घेतला, सोडला. पुन्हा घेतला. उठला नाही. पुन्हा तेच सांगत बसला नाही.

"आजोबा," तनुजा म्हणाली. "तुम्ही वास घेऊन बघा ना. लांबून सगळेच बोलतात."

"गप बस," लक्ष्मणराव म्हणाले.

पण ते जागचे हलले नाहीत, आणि परतही फिरले नाहीत. नातीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. दोन वर्षांत ते पोराच्या हाताच्या अंतरावर आले नव्हते. लोकांना वाटायचं म्हातारा रागात आहे. राग होताच, पण खरी होती ती भीती. जवळ गेलो आणि वास आला तर? लांब राहिलं की निदान माहीत नसतं. सकाळी खिडकीतून तो बसलेला दिसायचा तेव्हा ते मनात बगळा म्हणायचे, आणि तरी रोज खिडकीपाशी यायचे. हे त्यांनी रुक्मिणबाईलाही कळू दिलं नव्हतं.

ते गोठ्यात शिरले. घोंगडीपाशी गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. वैजनाथनं मान वर केली. लक्ष्मणरावांनी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि पोराच्या छातीला नाक लावलं.

बैलानं शेपूट हलवली.

"लसूण," लक्ष्मणराव म्हणाले. पुन्हा वास घेतला. "आलं. जिरं. ताक." आणि एकदम त्यांचा आवाज फुटला. "अरे, ही तर आपल्या घरची आंबील हाय रे! रुक्मिणीच्या हातची!" ते हसत होते आणि त्यांच्या मिशा ओल्या होत होत्या. खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही. डोकंही तिथंच टेकलेलं राहिलं, वास घेऊन झाला तरी.

एवढ्यात रुक्मिणबाई हातात प्रसादाची वाटी घेऊन आल्या. "काय झालं? कोण मेलं?" मग सदऱ्याकडं बघून म्हणाल्या, "अरे लेका, सदरा बदल म्हणलं होतं ना तुला! बसायचा टाइम चुकेल म्हणं. माझ्याच हातानं सांडली की ती, कळशी निसटली मेली."

उज्वला भिंतीला टेकून खाली बसली. पदर तोंडावर घेतला आणि हुंदके द्यायला लागली. करिश्मानं सगळ्यांना बाहेर पिटाळलं. "चला, भाकरी करपल्या! तुम्ही अर्ध्या दाढीनं येणार का शेतात?"

गोठ्यात दोघंच राहिले.

"माझं चुकलं," उज्वला म्हणाली.

"तुझं न्हाई चुकलं." वैजनाथ तिच्याजवळ सरकून बसला. "तुझं नाक असं कुणी केलं? मीच ना?"

"काल मी बिंदग्याला नको म्हणलं ते... तुम्ही पडाल म्हणून न्हाई हो. पडलात तर पुन्हा उठणार न्हाईत, याची भीती वाटते."

वैजनाथनं सदऱ्यावरचा डाग नखानं खरवडला. मग म्हणाला, "आताच पडलो होतो की मी. तुम्ही सगळे बघत होते तवा. बसूनच होतो, पण पडलो होतो."

"मग?"

"मग काय. उठलो."

तिनं त्याच्याकडं बघितलं. लाल डोळे, वाढलेली दाढी, आंबिलीचा डाग. मग ती उठली, घरात गेली आणि चुंबळ घेऊन आली. अंगणात सगळे तयार उभे होते. सुदर्शननं मानेला हात लावून तोंड वाकडं केलं, ते बघून लक्ष्मणराव म्हणाले, "पुरे कर, नाटक्या. कळलं मला." उज्वलानं सगळ्यांदेखत वैजनाथच्या डोक्यावर चुंबळ बसवली. तिनं एका बाजूनं आणि सासऱ्यानं एका बाजूनं बिंदगा उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

वाटेत माणसंच माणसं होती. गाव रिकामं, शिवार भरलेलं. ज्याच्या त्याच्या शेतात कोपी उभ्या होत्या. "आज कोणता बिंदगा, भरलेला का फुटलेला?" असं कुणीतरी धुऱ्यापलीकडून ओरडलंच. लोक ते लोक. वैजनाथनं बिंदगा नीट सावरून धरला. उज्वला त्याच्या पाठोपाठ चालत होती, डोक्यावर भाकरीची टोपली, नजर त्याच्या टाचांवर.

नाल्याचा धुरा आला. तीच चिंचोळी वाट, दोन्हीकडं हरभरा. अर्ध्या वाटेत ढेकूळ फुटलं आणि त्याचा पाय सरकला. बिंदगा कलला. मागून रुक्मिणबाई "अगं माय!" म्हणाल्या. आंबिलीचा एक ओघळ त्याच्या कपाळावरून, नाकावरून खाली सदऱ्यावर आला. वैजनाथ थांबला. दोन्ही हात वर गेले, बिंदगा सरळ झाला. त्याची पाठ एकदा फुगली आणि बसली, हे उज्वलाला मागून स्पष्ट दिसलं. मग त्यानं पुढचं पाऊल टाकलं.

"हर हर महादेव!" लक्ष्मणराव असे ओरडले की हरभऱ्यातनं लाव्हे पक्षी उडाले.

कोपीत पूजा झाली, बिंदगा पांडवांपुढं टेकला. सुदर्शन आणि वैजनाथ दोघं भाऊ मिळून 'ओलगे ओलगे, सालम पोलगे' असा येळवशीचा गजर करत शेताला वळसा घालून आंबील शिंपडून आले. पंगत बसली तेव्हा लक्ष्मणराव आधी उभेच राहिले, जागा शोधल्यासारखं केलं, आणि मग थोरल्याच्या शेजारी येऊन बसले. "सरक जरा," म्हणाले. दोन वर्षांत पंगतीत थोरल्याशी काढलेले पहिले शब्द. वैजनाथ सरकला. म्हाताऱ्यानं आंबिलीचे तीन वाडगे रिचवले आणि मग विचारलं, "ते नाकाडोळ्याचं काय करतोस रे सकाळी? बी.पी.ला चालतंय का?"

"चालतंय की. उद्या बसा."

"बगळा म्हणतील लोक."

"म्हणू द्या. मला तर तुम्हीच म्हणलात."

सगळे हसले, लक्ष्मणराव सगळ्यांत मोठ्यांदा.

उन्हं उतरल्यावर वैजनाथनं चिकट झालेला सदरा काढून उज्वलाकडं दिला आणि बनियनवरच पोरांना झाडाला झोका बांधून द्यायला गेला. ती सदरा घेऊन विहिरीवरच्या हौदापाशी आली. सवयीनं हात वर गेला, नाकापर्यंत. तिथं क्षणभर थांबला. फाट्यावरच्या टपरीचा लाइट नुकताच लागला होता. झोक्यापाशी वैजनाथ दोराला गाठ मारत होता आणि तनुजा त्याला ओरडत होती, "पप्पा, घट्ट!"

उज्वलानं हात खाली घेतला आणि सदरा तसाच पाण्यात बुडवला.